दाजीबांची ललकारी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जयेंद्रगंजातल्या आमच्या गल्लीत पाहुणा कधी गुपचूप येऊ शकला नाही. मी लग्न होऊन तिथं गेले त्याच आठवड्यात माझा भाऊ मला भेटायला आला. त्यानं कोपऱ्यावरच्या घराच्या ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्यांना पत्ता विचारला आणि तो पुढं निघाला, तोच मागून आवाज उठला, "आऽस्ते कदम, निगाह रखोऽ, गोविंदराव मोघ्यांचे मेहुणे, मुक्काम उज्जैन, तशरीफ आणतायत." भाऊ जागच्या जागी थबकला. खिडक्या उघडल्या, दारांत माणसं आली, आणि पेढ्यांचा पुडा छातीशी धरून तो बिचारा मिरवणुकीतल्या नवरदेवासारखा आमच्या दारापर्यंत चालत आला. घामानं डबडबला होता. आत येऊन त्यानं मला हळूच विचारलं, "आज तुमच्याकडे काही समारंभ आहे का?"

समारंभ नव्हता. दाजीबा होते.

दाजीबा चोपदार. आडनावाप्रमाणे काम, आणि तेही पिढ्यान् पिढ्या. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून इकडं आले आणि दरबारात चांदीची चोब, म्हणजे मानाची काठी, घेऊन दाराशी उभे राहिले, ते उभेच राहिले. कुणी सरदार, मानकरी आत आला की त्याचं नाव, किताब, मुक्काम हे सगळं खणखणीत आवाजात पुकारायचं, हे त्यांचं काम. यालाच ललकारी म्हणत. दाजीबा म्हणायचे, "माणूस तर नंतर आत येतो वहिनी, आधी त्याचं नाव आत जातं." दोनशे माणसांच्या कुजबुजीवर एक नाव अलगद ठेवायचं, असं ते सांगायचे, आणि सांगताना हातानं ताटावर वाटी ठेवल्यासारखं करून दाखवायचे.

हा आवाज ते जपायचे तरी किती! ग्वाल्हेरच्या मे महिन्यात लू लागून माणसं आडवी होत, तेव्हाही दाजीबांच्या गळ्याभोवती मफलर असे. दही वर्ज्य, सरबत वर्ज्य, लोणच्याकडं तर ते बघतही नसत. गालात कायम ज्येष्ठमधाची काडी. ललकारी द्यायची झाली की ती काडी काढून रुमालात ठेवायची, घसा साफ करायचा नाही (तो अडाणीपणा), फक्त मान जराशी उचलायची आणि मग सुरू. आवाज वाया जायला नको म्हणून ते घरात भांडत नसत. त्यांच्या पत्नी माईंनी या नियमाचा जन्मभर पुरेपूर फायदा घेतला. "भांडायला तर यांच्याजवळ आवाज नाही," माई मला सांगायच्या, "अन् दूधवाल्यासाठी बघा कसा फर्स्टक्लास निघतो."

कारण संस्थान विलीन झालं होतं. मध्यभारत राज्य झालं, राजधानी वर्षातला काही काळ ग्वाल्हेरला आणि काही काळ इंदूरला नांदू लागली, आमच्या ह्यांच्या सचिवालयाच्या पेट्या इकडून तिकडं जाऊ लागल्या. दरबार भरायचा थांबला. चांदीची चोब जामदारखान्यात परत गेली आणि दाजीबा ओट्यावर आले. मानकऱ्यांना मानानं आत नेणारा तो आवाज आता दूधवाला रामदीन, कल्हईवाला आणि आमचे पाहुणे यांच्यावर खर्च होऊ लागला. रामदीनला ते फार आवडायचं. तो आमच्या गल्लीत शिरताना फेटा नीट करून यायचा.

आम्ही सगळे हसायचो. मीही हसायची. मग एका दुपारी माईंकडं पापड लाटायला गेले असताना आतल्या खोलीतून दाजीबांचा आवाज आला. हळू, पण तोच. एकामागून एक नावं. माई लाटणं न थांबवता म्हणाल्या, "रोज दुपारी म्हणतात. सगळे सरदार, जसे दरबारात यायचे की नाही, तसेच, ओळीनं. मी चहा घेऊन गेले की गप्प होतात. मी पण मग जरा उशिरानंच नेते चहा." त्यानंतर मला त्या ललकारीला तितकंसं हसू आलं नाही.

अशातच त्यांच्या पुतण्यानं त्यांच्यासाठी नोकरी पाहिली. कचेरीत अर्दलीची. मॅजिस्ट्रेटच्या दाराबाहेर उभं राहायचं आणि पुकारा करायचा, अमका वल्द तमका हाजिर हो. पुतण्याला वाटलं, काकांसाठी याहून योग्य काम जगात नाही. दाजीबा दोन दिवस जेवले नाहीत नीट. मला म्हणाले, "वहिनी, ज्या गळ्यानं माणसाला इज्जतीनं आत नेलं, त्याच गळ्यानं आता त्याला आरोपी म्हणून खेचून आणू? हे माझ्यानं होणार नाही." त्यांनी उत्तर महिनाभर लांबणीवर टाकलं. महिन्यात दुसरं काही हाती लागलं नाही तर कचेरी होतीच.

आणि हाती लागली ती निवडणूक.

देशाची मोठी निवडणूक नुकतीच होऊन गेली होती आणि तिचा ताप गावाच्या अंगातून अजून उतरला नव्हता. बाड्याच्या चौकात दिवसभर भोंगे ओरडत, भिंती पत्रकांनी भरलेल्या, सिनेमाच्या मध्यंतरात पडद्यावर उमेदवारांचे फोटो हात जोडून उभे. दाजीबा हे सगळं बारकाईनं ऐकत आणि नापसंत करत. त्यांची मुख्य तक्रार एकच होती. "हा माणूस आपलं नाव आपणच घेतो. मी असा, मी तसा, मलाच मत द्या. दरबारात कुणी असं केलं असतं तर त्याला वेड लागलं समजून वैद्याकडं नेलं असतं." भोंग्याबद्दलही त्यांचं मत वाईट होतं. भोंगा सगळ्यांना सारखंच ओरडतो, त्याला समोर कोण आहे हे दिसत नाही, म्हणून त्याला अदब नाही, असं ते म्हणत.

याच सुमारास आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक आली. लष्करातली मराठी घरं, त्यांचा गणेशोत्सव, वाचनालय आणि एक सभागृह, एवढाच आमचा कारभार. पूर्वी अध्यक्ष ठरायचा म्हणजे चार थोर माणसं पान खाता खाता एक नाव घ्यायची आणि बाकीचे माना डोलवायचे. पण आता लोकशाही आली होती. सरदार घराण्यातले नानासाहेब एकीकडून उभे राहिले आणि भय्यासाहेब वकील दुसरीकडून. मतदार सगळे मिळून एका लग्नाच्या पंगतीत बसतील इतके, अर्धे एकमेकांचे व्याही, तरी दोघांनी पत्रकं छापली. नानासाहेबांनी सिनेमागृहात आपला फोटो लावला. तो चुकून उलटा लागला आणि ते दोन खेळ डोकं खाली करून मतं मागत राहिले.

भय्यासाहेब वकिलांची बाजू मला पटायची. हजीऱ्याला गिरण्यांत काम करणारी कितीतरी मराठी कुटुंबं होती, त्यांना मंडळानं कधी दारात उभं केलं नव्हतं. भय्यासाहेबांनी खटपट करून त्यांना सभासद करून घेतलं होतं आणि आता सभागृह त्यांनाही खुलं ठेवू म्हणत होते. माणूस बोलायला पटाईत. फक्त एकच अडचण, तेही आपलं नाव आपणच घ्यायचे. कुणीतरी दाजीबांची ती वैद्याची टीका त्यांच्या कानावर घातली. ते दुसऱ्याच दिवशी ओट्यावर हजर.

"दाजीबा, माझं नाव तुम्ही घ्या. निवडून आलो की मंडळाचं सभागृह तुमच्या ताब्यात. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दारात ललकारी द्यायची, हेच काम."

दाजीबांनी गालातली काडी या बाजूची त्या बाजूला केली. एवढीच त्यांची खुशी बाहेर दिसली. माईंनी मात्र त्या दिवशी शिरा केला आणि गल्लीभर वाटला.

मग सुरू झाला आमच्या लष्करानं पाहिलेला सर्वांत सभ्य प्रचार. तांग्यात पुढं तांगेवाला मुन्ने खाँ, मागं भय्यासाहेब, आणि पायदानावर उभे दाजीबा. भोंगा त्यांनी पहिल्याच दिवशी उतरवून ठेवला. चौक आला की ललकारी, मग भय्यासाहेबांचं भाषण. भाषण ठरलेलं होतं. "मी उमेदवार नाही, मी तुमचा चाकर आहे. राजे-महाराजांचा जमाना गेला. आता मतदार हाच राजा, दरबार तुमचा, हुकूम तुमचा." टाळ्या पडायच्या. दाजीबा शेजारी ताठ उभे राहून हे भाषण प्रत्येक चौकात पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे ऐकायचे. इतक्या लक्षपूर्वक ते ऐकणारे ते एकटेच होते, हे भय्यासाहेबांच्या वेळेवर ध्यानात यायला हवं होतं.

धोक्याची सूचना मिळाली होती. छत्री बाजारात समोरून नानासाहेबांची मोटार आली आणि दाजीबांनी भय्यासाहेबांचं भाषण अर्ध्यावर तोडून नानासाहेबांना ललकारी दिली, किताबासकट. नानासाहेब मोटारीतून उतरले, दोन्ही उमेदवारांनी भर बाजारात एकमेकांना नमस्कार केला, लोक खूष झाले. भय्यासाहेब मात्र तांग्यात बसल्या बसल्या म्हणाले, "दाजीबा, तुम्ही कुणाच्या बाजूचे आहात?"

"आपल्याच. पण समोरून आलेल्या माणसाला नावानं न बोलावता पुढं जायचं म्हणजे तोंडावर दार लावून देणं आहे. ते मी नाही करणार."

मुन्ने खाँ घोड्याला म्हणाला, "चल बेटा, यहाँ तो सब के सब नवाब हैं।"

मतदानाचा दिवस रविवार. सभागृहाच्या कमानीपाशी दाजीबा सकाळपासून उभे होते. ठेवणीतला अंगरखा, पागोटं, हातात चोबेच्या जागी माईंनी पितळी मूठ लावून दिलेली काठी. भय्यासाहेबांची कल्पना अशी, की मतदार आत जाताना त्याच्या कानावर शेवटचं नाव आपलं पडावं. पहिले मतदार आले ते हजीऱ्याहून, तुकाराम साळुंखे, गिरणीतले जॉबर. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल, बिचकत बिचकत कमानीपाशी आले. या इमारतीत ते पहिल्यांदाच पाऊल टाकत होते. दाजीबांनी त्यांना नाव विचारलं, काडी रुमालात ठेवली, मान उचलली.

"आऽस्ते कदम, निगाह रखोऽ, मेहरबान तुकारामजी साळुंखे, मुक्काम हजीरा, तशरीफ आणतायत."

तुकाराम साळुंखे थांबले आणि आपल्या मागून कोण बडी असामी येतेय ते वळून पाहू लागले. मागं कुणीच नव्हतं. मग त्यांना उमगलं. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि ते आत गेले. ते आत गेले ती चाल मला अजून दिसते. आम्ही सारे पायरीवर उभे होतो आणि आपोआप बाजूला सरलो होतो.

त्यानंतर दाजीबा थांबलेच नाहीत. येईल त्याला ललकारी. शाळेचे शिपाई, पोस्टमन, किराणावाले, आमचे हे. एक पेन्शनर तर मत देऊन मागच्या दारानं बाहेर पडले आणि पुन्हा पुढच्या दारानं आले, म्हणाले, छत्री विसरली आत. छत्री त्यांच्या हातातच होती.

भय्यासाहेब घाईघाईनं आले. "दाजीबा, माझं नाव. माझं नाव कुठं आहे?"

दाजीबा खरोखरच गोंधळले. "आपलं कसं घेऊ? आपण तर चाकर. रोज प्रत्येक चौकात आपणच बोलून राहिलात, मतदार राजा आहे म्हणून. मग ललकारी राजाला की चाकराला?"

भय्यासाहेबांनी वकिलीत मोठमोठ्या न्यायाधीशांना उत्तरं दिली होती. इथं ते हातातली पत्रकं सारखी करत परत फिरले. ही अशी चूक फक्त दाजीबांच्या हातून होऊ शकत होती. भाषण हे भाषण असतं, ते टाळ्यांपुरतं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. दाजीबांच्या घराण्यात मात्र मोठ्यानं पुकारलेला शब्द खराच असायचा, खोटा पुकारला तर नोकरी जायची.

मी मत द्यायला गेले तेव्हा मोठ्या आशेनं गेले. मुलींच्या शाळेत शिकवत होते, वर्गणी माझी मी भरली होती. दाजीबांनी मान उचलली आणि पुकारलं, "गोविंदराव मोघे यांचं घर, तशरीफ आणतंय."

"दाजीबा," मी म्हटलं, "मत घराचं आहे की माझं?"

ते कधी नव्हे ते खाली बघू लागले. "वहिनी, बायकांचं नाव चारचौघांत घ्यायचा रिवाजच नाही आमच्याकडे. माझ्या गळ्यातून निघणार नाही ते." मी हसून आत गेले. पण तुकाराम साळुंख्यांनी लावलेलं बटण मी पाहिलं होतं, आणि माझ्या वाट्याला घर आलं होतं. खरं सांगते, मला लागलं.

दुपारनंतर कहर झाला. तो आवाज वाऱ्यावर जिथवर पोचला, तिथवरच्या जुन्या मानकऱ्यांच्या घरांत खळबळ उडाली. वर्षानुवर्षं मंडळाचं तोंड न पाहिलेली म्हातारी माणसं, ज्यांना निवडणूक आहे हेही ठाऊक नव्हतं, पेट्यांतून लांब दरबारी अचकन काढून, पागोटी बांधून तांग्यातांग्यांतून येऊ लागली. कित्येकांनी दरबार बंद झाल्यापासून आपलं नाव असं ऐकलं नव्हतं. दाजीबा न विचारता त्यांची नावं, किताब, मुक्काम सांगत होते. एकेकाचे डोळे भरून येत होते. आणि आत जाऊन ते सगळे मत देत होते नानासाहेबांना, आपल्या नात्यातल्या माणसाला.

भय्यासाहेब थोडक्या मतांनी पडले.

संध्याकाळी निकाल लागल्यावर नानासाहेब स्वतः कमानीपाशी आले. दाजीबांचा आवाज तोवर पार बसला होता. नानासाहेब म्हणाले, "दाजीबा, आज मंडळाला दरबाराची शोभा आणलीत. सभागृह तुम्हीच सांभाळा. उद्यापासून." आम्ही माईंकडं पाहिलं, माईंनी दाजीबांकडं. जे हवं होतं ते समोर येऊन उभं होतं.

दाजीबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आपली मेहरबानी. पण मी भय्यासाहेबांच्या तांग्यात बसून आलो होतो. त्यांना घरी सोडायचं आहे." आणि खाली मान घालून बसलेल्या भय्यासाहेबांपाशी ते गेले, त्यांना हात दिला, तांग्यात बसवलं आणि स्वतः पायदानावर उभे राहिले. परतीच्या वाटेवर ललकारी नव्हती. दरबारात येणाऱ्याला ललकारी असते, जाणाऱ्याला नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात ते कचेरीत अर्दली म्हणून रुजू झाले.

मला वाटलं होतं, आता हा आवाज संपला. शाळेच्या एका कामासाठी कचेरीत गेले तेव्हा मन घट्ट करूनच गेले. व्हरांड्यात साक्षीदार, पोलीस, बिडीचा धूर. दाजीबा दाराशी उभे, कमरेला पट्टा, गळ्यात मफलर. मान उचलून म्हणाले, "निगाह रखोऽ, श्रीमान कल्लू वल्द श्रीमान भोलाराम, हाजिर होने की मेहरबानी करें।" आणि कुणाची तरी म्हैस दुसऱ्याच्या शेतात सोडल्याबद्दल पकडून आणलेला कल्लू, कोपऱ्यात उकिडवा बसला होता, तो उठला, अंगोछा खांद्यावर नीट घेतला आणि आत गेला. म्हणे मॅजिस्ट्रेटसाहेबांनी सुरुवातीला दोनदा टोकलं, मग त्यांनाच सवय झाली.

भय्यासाहेब महिनाभर दाजीबांशी बोलले नाहीत. पण वकिलाला कचेरी काही सुटत नाही. एक दिवस ते मला म्हणाले, "हरवलं तर यांनीच मला. पण माझा अशील या ललकारीनंतर सरळ उभा राहून साक्ष देतो, तेवढं माझ्या भाषणानं कधी झालं नाही." मंडळाच्या पुढच्या निवडणुकीत दोन्ही उमेदवारांनी कमानीत एकेक पुकारणारा उभा केला, मतदारांना राजे म्हणायला. दोघंही लग्नाच्या बँडमधले होते. लोक हसत हसत आत गेले आणि कुणालाच बटण लावावंसं वाटलं नाही.

मग राज्यांची पुन्हा मांडामांड झाली. मध्यभारत गेलं, मध्यप्रदेश आला, राजधानी भोपाळला ठरली. सचिवालयाच्या पेट्या या वेळी निघाल्या त्या परत न येण्यासाठी, आणि पेट्यांमागून आम्ही. माझी शाळा सुटली, गल्ली सुटली. हे गाव सोडायचं या विचारानं आमचे हे आठवडाभर कुणाशी नीट बोलत नव्हते. भोपाळात आपल्याला कोण ओळखतं, एवढं एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणायचे.

सकाळच्या गाडीला स्टेशनवर निम्मं जयेंद्रगंज लोटलं होतं. ट्रंका, वळकट्या, तिळाच्या गजकाचे डबे, रडणाऱ्या बायका. दाजीबा कचेरीचा पट्टा लावूनच आले होते, माई बरोबर. मी वाकून नमस्कार केला तर दाजीबांनी फक्त डोक्यावर हात ठेवला. आम्ही डब्यात चढलो, शिट्टी झाली. मी दारात उभी होते. दाजीबांनी काडी काढून रुमालात ठेवली.

"आऽस्ते कदम, निगाह रखोऽ, मेहरबान गोविंदराव मोघे, मध्यप्रदेश सचिवालय, भोपाळात तशरीफ आणतायत."

हमाल थांबले. हे खिडकीतून बाहेर बघत होते, त्यांनी नकळत टोपी सारखी केली. गाडी हलली. मला वाटलं, संपलं. दाजीबा गाडीबरोबर दोन पावलं चालले, माईंनी त्यांना मागून हलकेच पुढं ढकललेलं मी पाहिलं, आणि त्यांनी पुन्हा मान उचलली.

"निगाह रखोऽ, मेहरबान कुसुमबाई मोघे, मास्तरीणबाई, भोपाळात तशरीफ आणतायत."

मी मागं वळून पाहिलं, कोण बडी असामी आली ते. मागं नुसत्या ट्रंका होत्या.